स्वस्त कॅमेरा कसा पारखावा



बाजारांत दोन वस्तु शेजारीं शेजारीं मांडलेल्या असल्या, दोहोंची किंमत जवळजवळ सारखी असली आणि दोहोंवर निरनिराळे आंकडे छापलेले असले, म्हणजे सामान्य मनुष्य मोठ्या आंकड्याच्या वस्तूकडे हात करतो. धान्य, कापड, दूध यांच्या बाबतींत ही संवय फारशी नडत नाहीं. कारण तेथें माप आणि माल यांचा संबंध उघड असतो. यंत्राच्या बाबतींत मात्र पुष्कळदां आंकडा एका गोष्टीचा असतो आणि गरज दुसऱ्याच गोष्टीची असते. ही गोष्ट कशी घडते, तें आज दोन लहान डिजिटल कॅमेऱ्यांच्या उदाहरणावरून पाहावयाचें आहे.

उदाहरण भाईंदरचें आहे. मीरा-भाईंदर येथें २००२ सालीं महानगरपालिका स्थापन झाली आणि गांवाचें शहर झालें; तथापि त्याची जुनी ओळख मिठागरांची व कोळीवाड्यांची, आणि त्यानंतरची स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यांची. अशाच एका कारखान्यांत भांड्यांस पॉलिश करणारे एक गृहस्थ, त्यांची पत्नी, नववींत शिकणारी मुलगी आणि ऐंशीच्या घरांतील वृद्ध आई असें चौघांचें बिऱ्हाड डोळ्यांसमोर आणावें. मूळ गांव रत्नागिरीकडचें. राहाणें भाईंदर पूर्वेस, एका खोलीच्या जागेंत. अशीं बिऱ्हाडें तेथें शेंकड्यांनीं आहेत.

मुलीच्या वर्गांत गांवच्या जुन्या स्थळांची माहिती छायाचित्रांसह जमविण्याचें काम निघालें आणि तिच्या वांट्यास धारावीचा किल्ला आला. ही धारावी मुंबईंतली नव्हे. उत्तनजवळ चौक गांवीं, वसईच्या खाडीच्या तोंडाशीं हा किल्ला आहे. १७३९ सालीं चिमाजी अप्पांच्या वसईच्या मोहिमेंत मराठ्यांनीं तो पोर्तुगीजांकडून घेतला. आतां त्याचे थोडेच अवशेष उरले आहेत. छायाचित्रें काढावयाचीं तर घरांत चांगला मोबाइल एकच, आणि तो वडिलांबरोबर कारखान्यांत जाई. आईजवळ साधा बटणांचा. मुलीच्या हातीं स्वतंत्र मोबाइल देण्यास वडील तयार नव्हते.

परंतु किल्ल्याचें निमित्त झालें. घरांत दुसरीच एक गोष्ट सर्वांच्या मनांत होती, पण ती कोणी बोलून दाखवीत नसे. आजोबा वारले तेव्हां भिंतीवर लावावयास त्यांचें एकही धड छायाचित्र सांपडलें नाहीं. शेवटीं एका लग्नाच्या मांडवांतील गर्दींतून त्यांचा चेहरा कापून मोठा करून घ्यावा लागला. तो इतका पुसट आला कीं, आजी त्याकडे पाहात नसे. आणि खुद्द आजीचें छायाचित्र म्हणजे तिच्या आधार-कार्डावरचें तेवढें एक. तेंही ओळखूं न येण्यासारखें.

म्हणून एक दिवस रजा घेऊन वडील मुलीसह भाईंदरहून चर्चगेटच्या गाडीनें निघाले आणि फोर्टांतील बोरा बाजारांत गेले. कॅमेऱ्यांच्या नव्याजुन्या मालासाठीं हा भाग प्रसिद्ध आहे. नवा कॅमेरा त्यांच्या ऐपतीबाहेरचा होता. वापरलेल्या मालांत दुकानदारानें दोन कॅमेरे पुढें ठेवले: एक कॅननचा पॉवरशॉट ए ८१०, दुसरा निकॉनचा कूलपिक्स एल २५. दोन्ही २०१२ सालीं निघालेले, दोन्ही त्या काळीं अगदीं स्वस्त वर्गांत मोडणारे. पुढें मोबाइलनें हा वर्गच बहुतेक बुडविला आणि त्यांचें उत्पादन थांबलें. गेल्या कांहीं वर्षांत अनेक देशांतील तरुणांस अशा जुन्या लहान कॅमेऱ्यांची पुन्हां आवड लागली आहे, त्यामुळें ते माळ्यावरून खालीं उतरूं लागले आहेत.

दुकानदार म्हणाला, "साहेब, हा सोळा मेगापिक्सेलचा घ्या. तो दहाचा घेऊन काय करणार?"

हाच तो आंकडा. कॅननच्या अंगावर १६ मेगापिक्सेल लिहिलेलें, निकॉनवर १०.१. ह्यावरून पहिला दुसऱ्याच्या दीडपटीहून अधिक चांगला ठरतो काय? याचें उत्तर देण्यापूर्वीं पिक्सेल म्हणजे काय हें पाहिलें पाहिजे.

डिजिटल कॅमेऱ्यांत फिल्मच्या जागीं एक इवलासा फलक असतो; त्यास सेन्सर म्हणतात. भिंगांतून येणारा प्रकाश ह्या फलकावर पडतो आणि त्याचें विजेच्या भारांत रूपांतर होतें. ह्या दोन्ही कॅमेऱ्यांतील फलक सीसीडी जातीचे आहेत. ही युक्ति १९६९ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत विलार्ड बॉइल व जॉर्ज स्मिथ यांनीं शोधून काढली आणि २००९ सालीं तिजबद्दल त्यांस नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला. १९७५ सालीं कोडॅकच्या स्टीव्हन सॅसन यांनीं असाच फलक वापरून पहिला डिजिटल कॅमेरा जुळविला. त्यांत अवघे दहा हजार पिक्सेल होते, आणि एक छबी फितीवर उतरण्यास २३ सेकंद लागत.

पिक्सेल म्हणजे ह्या फलकावरील प्रकाश सांठविणारा एकेक सूक्ष्म खण. भाईंदरच्या मनुष्यास हें समजण्यास दूर जावयास नको. खाडीकांठीं मिठागरें आहेत. त्यांत बांध घालून वाफे पाडलेले असतात. एकाच मिठागराचे दहा वाफे पाडले काय किंवा सोळा पाडले काय, वर पडणारें ऊन तेवढेंच आणि निघणारें मीठही तेवढेंच. बांध वाढविल्यानें पीक वाढत नाहीं. मिठागराचें क्षेत्र वाढलें तर वाढतें. तीच गोष्ट फलकाची. वाफ्यांची संख्या डब्यावर ठळक छापतात. क्षेत्र बारीक अक्षरांत असतें.

तें क्षेत्र असें. कॅननचा फलक १/२.३ इंची म्हणून ओळखला जातो, निकॉनचा १/३ इंची. हीं नांवें जुन्या निर्वात नळ्यांच्या काळापासून चालत आलेलीं असून तीं खरीं मापें नव्हेत. छेद जितका मोठा तितका फलक लहान, एवढें ध्यानांत ठेवावें. प्रत्यक्ष क्षेत्र पाहूं गेल्यास कॅननच्या फलकाचें सुमारें २८ चौरस मिलिमीटर, निकॉनच्या फलकाचें सुमारें १७ चौरस मिलिमीटर. आतां क्षेत्रास पिक्सेलांच्या संख्येनें भागावें. दोहोंतही एका पिक्सेलच्या वांट्यास सुमारें १.७ चौरस मायक्रॉन इतकी जागा येते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. अर्थात् एकेक वाफा दोन्हीकडे सारखाच आहे. कॅननचे वाफे अधिक आहेत, कारण त्याचें मिठागरच मोठें आहे.

म्हणजे दुकानदाराचा निर्णय बरोबर निघाला, पण कारण चुकलें. कॅननची बाजू वरचढ ठरते ती सोळा ह्या आंकड्यानें नव्हे, तर एकंदर प्रकाश सुमारें १.६ पट गोळा करणाऱ्या फलकानें. उद्यां कोणी निकॉनएवढ्याच फलकावर सोळा मेगापिक्सेल छापून आणले, तर आंकडा वाढेल आणि प्रकाश तेवढाच राहील.

बरें, दहा मेगापिक्सेल हे अपुरे आहेत काय? निकॉनच्या छायाचित्रांत रुंदीस ३६४८ व उंचीस २७३६ बिंदु असतात. कॅननच्या छायाचित्रांत ४६०८ व ३४५६. स्टुडिओंत मिळणारी नेहमीची चार बाय सहा इंची प्रत इंचास ३०० बिंदु ह्या हिशेबानें छापावयाची झाल्यास सुमारें २ मेगापिक्सेल पुरतात. ए-४ कागदाएवढी मोठी प्रत काढावयाची झाली तरी पावणेनऊ पुरतात. शाळेच्या वहींत चिकटविण्याच्या अथवा भिंतीवर लावण्याच्या प्रतीस दोन्ही कॅमेरे सारखेच समर्थ आहेत. फरक पडेल तो छायाचित्राचा एखादा तुकडा कापून मोठा करतांना. आणि आजोबांच्या बाबतींत जें झालें तें पाहतां, तसा प्रसंग येऊं न देणें हेंच शहाणपणाचें.

दुसरा आंकडा झूमचा. येथें दोघेही समान आहेत: पांचपट, म्हणजे जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या भाषेंत २८ पासून १४० पर्यंत. किल्ल्याचा बुरूज जवळून टिपण्यास हें उपयोगी पडतें. परंतु त्याचें मोल द्यावें लागतें, तें डब्यावर लिहिलेलें नसतें. कॅननच्या भिंगाची उघडीप जवळच्या टोकास एफ २.८ व दूरच्या टोकास एफ ६.९, निकॉनची २.७ व ६.८. ह्या आंकड्यांची रीति उलटी आहे. आंकडा वाढला कीं उघडीप लहान होते, आणि प्रकाश आंकड्याच्या वर्गाच्या प्रमाणांत घटतो. त्यामुळें झूम पूर्ण ताणला असतां भिंगांतून येणारा प्रकाश सुमारें एक षष्ठांश उरतो, आणि तितकीच छबी घेण्यास सहापट वेळ लागतो. त्याच वेळीं हाताचा कंपही पांचपट मोठा होऊन दिसतो. कंप सांवरण्यासाठीं भिंग हलविण्याची योजना ह्या दोहोंतही नाहीं. उन्हांत ह्याची बाधा होत नाहीं. परंतु शाळेच्या संमेलनांत मागच्या रांगेंतून झूम करून काढलेलीं छायाचित्रें पुसट येतात तीं ह्यामुळें. तेथें चार पावलें पुढें जाणें हाच खरा झूम.

तिसरी गोष्ट पाठीमागच्या पडद्याची. निकॉनचा पडदा ३ इंची, कॅननचा २.७ इंची. वयस्कर डोळ्यांस निकॉन अधिक सोईचा वाटेल यांत शंका नाहीं. मात्र दोन्ही पडद्यांवर ठिपके सारखेच, सुमारें २ लाख ३० हजार. तेव्हां निकॉनचें चित्र मोठें दिसेल, अधिक रेखीव दिसणार नाहीं.

चौथी गोष्ट विजेची. दोन्ही कॅमेरे दोन साध्या पेन्सिल सेलांवर चालतात. जुना कॅमेरा घेणारास हें मोठें वरदान आहे. ज्या कॅमेऱ्यांना विशिष्ट आकाराची बॅटरी लागते, त्यांची बॅटरी दहा-बारा वर्षांनीं क्षीण होते आणि बदली मिळविणें अवघड जातें. पेन्सिल सेल कोणत्याही किराणा दुकानांत मिळतात, आणि पुन्हां भरतां येणारे सेल घेतल्यास खर्च आणखी वांचतो. मात्र सेल कॅमेऱ्यांत महिनोगणती ठेवूं नयेत. दुकानदारानें फळीखालून एक तिसराच मोडका कॅमेरा काढून मुलीस दाखविला. कोणा मालकानें सेल आंत विसरले होते. ते पाझरून आंतील पत्र्यांवर हिरवट गंज चढला होता. खाडीच्या व समुद्राच्या खाऱ्या हवेंत हें अधिकच लवकर होतें.

आतांपर्यंत जें सांगितलें तें कागदावरचें. परंतु वापरलेला माल घेतांना कागदापेक्षां समोरचा नग महत्त्वाचा. मुलगी घरून नवे सेल आणि एक मेमरी कार्ड घेऊन गेली होती, हें तिनें शहाणपणाचें केलें. अशा वेळीं पांच गोष्टी पाहाव्या. सेलांच्या कप्प्याचें झांकण घट्ट बसतें कीं नाहीं व आंतील पत्रे स्वच्छ आहेत कीं नाहींत, ही पहिली. भिंग पूर्ण बाहेर काढून पुन्हां आंत घ्यावें. करकर असा आवाज आल्यास आंत वाळू गेली असें समजावें, ही दुसरी. पांढऱ्या कागदाची छबी घेऊन ती मोठी करून पाहावी. काळे ठिपके अथवा कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा दिसल्यास फलकावर धूळ किंवा भिंगांत बुरशी आहे, ही तिसरी. फ्लॅश दोन-तीन वेळां उडवून पाहावा, ही चौथी. तारीख लावून, कॅमेरा बंद करून, सेल बदलून पुन्हां चालू करावा. तारीख पुसली गेली तर आंतील घड्याळाची शक्ति संपली आहे, ही पांचवी. तारखेवांचून छायाचित्र चालतें. पण वीस वर्षांनीं तीच तारीख मोलाची होते.

दोन्ही नग ह्या परीक्षेंत उतरले. मग मुलगी म्हणाली, "बाबा, दुकानाच्या आंतल्या कोपऱ्यांत दोहोंनीं तुमचीच एकेक छबी काढून पाहूं या." तसें केलें. पडद्यावर दोन्ही सारख्याच दिसल्या. मोठ्या करून पाहिल्यावर निकॉनच्या छबींत सदऱ्याच्या सावलींत थोडे अधिक रवाळ ठिपके दिसले, एवढाच भेद. घरीं छायाचित्रें निघणार तीं बहुधा संध्याकाळीं, वडील कामावरून आल्यावर, दिव्याच्या उजेडांत. तेव्हां प्रकाश अधिक गोळा करणारा कॅमेरा बरा, असा विचार करून त्यांनीं कॅनन घेतला. जेथें वापर मुख्यतः बाहेर उन्हांत आहे आणि डोळे थकलेले आहेत, अशा घरीं निकॉन घेणेंही तितकेंच योग्य झालें असतें.

कोणी विचारील, मोबाइलच्या काळांत हा खटाटोप कशास? शंका रास्त आहे. आजच्या मध्यम किंमतीच्या मोबाइलचा कॅमेरा अंधुक प्रकाशांत ह्या दोहोंस मागें टाकतो. कारण तो क्षणार्धांत अनेक छबी घेऊन गणितानें त्यांची एक बनवितो. तें लपविण्यांत अर्थ नाहीं. परंतु ह्या घरास मोबाइल मुलीच्या हातीं द्यावयाचा नव्हता; आणि कॅमेरा नुसता कॅमेराच राहतो, हा त्याचा गुणच होता.

त्याच संध्याकाळीं पहिली छबी आजीची निघाली. आजी खोलीच्या कोपऱ्यांत, नेहमीच्या जागीं, भिंतीस टेकून बसली होती. वर एक दिवा. छबी पिंवळट, रवाळ व किंचित् हललेली आली. फ्लॅश लावून काढली तेव्हां चेहरा पांढराफटक पडला आणि मागें काळी सावली उभी राहिली. वडिलांच्या मनांत आलें कीं, पैसे फुकट गेले; दहाचा घेतला असता तरी एवढेंच झालें असतें.

वडिलांचें म्हणणें खोटें नव्हतें. दोन कॅमेऱ्यांत भेद १.६ पटीचा, पण एकाच खोलींत रात्रीच्या दिव्याखालचा कोपरा आणि सकाळची खिडकी यांच्या उजेडांत दहापटीहूनही अधिक अंतर असतें. जें अंतर बाजारांत पैसे मोजून मिळत नाहीं, तें घरांत आसन बदलल्यानें मिळतें.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं मुलीनें खिडकीचा पडदा सारला. "आजी, जरा इकडे खिडकीपाशीं बस ना."

"माझं काय मेलीचं काढतेस? किल्ला काढ," असें म्हणत आजी उठली खरी, पदर नीट करून बसली. फ्लॅश बंद, झूम नाहीं, कॅमेरा स्टुलावर टेकलेला. खिडकींतून एका बाजूनें मऊ उजेड चेहऱ्यावर येत होता. मुलीनें पांच-सहा छबी घेतल्या. त्यांतल्या एकींत आजी कॅमेऱ्याकडे न पाहतां बाहेर पाहात होती. कपाळावरच्या रेषा, कानांतली कुडी, डोळ्यांतलें पाणी, सारें उमटलें होतें.

पुढच्या रविवारीं किल्ल्याचीं छायाचित्रें निघालीं. उन्हांत तीं ठीकच आलीं. येतां येतां उत्तनला वाळत घातलेले बोंबीलही टिपले गेले. मग छायाचित्रें स्टुडिओंत छापावयास गेलीं, आणि येथें आणखी एक खांचखळगा आहे तो सांगितला पाहिजे. ह्या कॅमेऱ्यांचें चित्र चारास तीन ह्या प्रमाणाचें असतें, आणि चार बाय सहा इंची कागद तीनास दोन ह्या प्रमाणाचा. त्यामुळें छापतांना उंचीचा सुमारें नववा भाग कापला जातो. समूहाच्या छायाचित्रांत मागच्यांचीं डोकीं व पुढच्यांचीं पाउलें जातात तीं अशीं. म्हणून छबी घेतांनाच वर व खालीं थोडी जागा सोडावी.

प्रत हातांत पडल्यावर आजीनें ती बराच वेळ दूर धरून पाहिली. मग म्हणाली, "अगो, ही तर माझी आईच गो!" तिच्या आईचें छायाचित्र कोणींच कधीं काढलें नव्हतें. तिचा चेहरा आजीच्या आठवणीखेरीज कोठें राहिला नव्हता. तो आतां नातीनें काढलेल्या प्रतींत तिला पुन्हां भेटला.

सारांश, स्वस्त कॅमेरा घेतांना ठळक आंकड्यास भुलूं नये. त्यामागचें क्षेत्र विचारावें. कंपनीपेक्षां समोरचा नग पारखावा. घरीं आल्यावर मनुष्यास उजेडाकडे आणावें, झूमपेक्षां पायांवर विसंबावें. छायाचित्रें कार्डावरच पडूं देऊं नयेत. त्यांची दुसरी नक्कल दुसऱ्या ठिकाणीं ठेवावी, आणि निवडक दहा-बारा कागदावर उतरवून त्यांच्या पाठीवर नांव व तारीख लिहावी. आणि ज्यांचे चेहरे घरांत उद्यां शोधावे लागतील, त्यांना आजच सकाळीं खिडकीपाशीं बसवावें. ह्या कामास सोळा मेगापिक्सेल पुरतात, दहाही पुरतात. दिरंगाई मात्र परवडत नाहीं.